भाकर तीच, कष्ट कमी: आहार-व्यायामाला सुरुवात करताना नेहमी येणारे प्रश्न

आमच्या आजीच्या ताटात आणि माझ्या ताटात फारसा फरक नव्हता. ज्वारीची भाकर, फोडणीचं वरण, एखादी पालेभाजी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. फरक होता तो ताटाबाहेरचा. ती मळ्यात चालत जायची, जात्यावर दळायची, आडातलं पाणी शेंदायची. मी स्कूटीवर कचेरीत जाते आणि संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसते. शेहेचाळिसाव्या वर्षी उपाशीपोटीची शुगर 118 निघाली, तेव्हा कुठे हा हिशोब मांडला. मग परभणीत सकाळी फिरायला लागले, हळूहळू गल्लीतल्या बाया सोबत आल्या, आणि चालता चालता जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे लिहून ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही. गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सुरुवात कशापासून करायची? सगळं एकदम बदलायचं का?

एकदम बदललेलं आठ दिवसांत सुटतं. मी तीनदा सोडलंय. पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी धरा: जेवणात वरण किंवा उसळ एक वाटी वाढवा आणि तेवढ्याच बेतानं भाकर-भात कमी करा, आणि रोज वीस मिनिटं चाला. दुसऱ्या महिन्यात चहातली साखर बघा, तिसऱ्यात तेल. पंचांग काढून सोमवार शोधू नका. आज रात्रीच्या जेवणापासून होतं.

आधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटीची शुगर आणि बायकांनी हिमोग्लोबिन. बीपी आणि शुगर तिशीनंतर गावातल्या आरोग्य उपकेंद्रात फुकट तपासून मिळते, आशाताईंना विचारा. आकडे असे वाचायचे: उपाशीपोटीची शुगर 100 च्या आत असेल तर ठीक, 100 ते 125 म्हणजे उंबरठ्यावर, 126 आणि पुढे म्हणजे मधुमेहाची शंका, ती पुन्हा तपासून पक्की करतात. बीपी वारंवार 140/90 च्या वर येत असेल तर डॉक्टर गाठायचे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय.

कंबर मात्र टेपनं स्वतः मोजा. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. वजनकाटा बरा दिसतो म्हणून असे लोक निर्धास्त असतात, आणि दगा तिथंच होतो.

चालताना छातीत दुखत असेल, दम लागून थांबावं लागत असेल किंवा आधी हृदयविकार झालेला असेल, तर व्यायाम डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

ज्वारीची भाकर खाल्ली की वजन उतरतं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात. ज्वारी चांगलीच. तिच्यात चोथा आहे, ग्लूटेन नाही, पोटाला दम धरते. पण ज्वारी हेही पिष्टच. चार भाकरी खाऊन ‘मी गहू बंद केला’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

मी एकदा स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणून परातीतलं पीठ मोजलं. माझ्या हाताची एक भाकर 90 ग्रॅम पिठाची निघाली. सकाळी तीन, रात्री तीन, म्हणजे 540 ग्रॅम, वर मूठभर भात. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दोन हजार कॅलरीच्या ताटाला सगळी धान्यं मिळून साधारण 250 ग्रॅम धरली आहेत. मी दुपटीच्या वर होते, आणि तरी मैत्रिणींना सांगत होते की माझं खाणं अगदी साधं आहे. 90 ग्रॅमच्या भाकरीत सुमारे 300 कॅलरी असतात. अर्धा तास झपझप चालून माझ्या वजनाच्या बाईच्या दीडशेच्या आसपास खर्च होतात. म्हणजे अर्धी भाकर. हे एकदा डोक्यात बसलं की ‘चालते की मी, मग खाल्लं तर काय होतं’ हे वाक्य तोंडून निघत नाही.

आता मी भाकर पातळ आणि लहान थापते, 60 ग्रॅमची, आणि एका वेळेला दोन खाते. उरलेली जागा वरणानं आणि भाजीनं भरते. शेतात दिवसभर राबणाऱ्यानं माझं मोजमाप उचलू नये, त्याला जास्त लागतं.

जाता जाता एक सांगते. इथल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण 2018 मध्ये आणलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. घरची शेती असेल तर चौकशी करायला हरकत नाही. बाकी आपल्याकडे सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि ज्वारीचं रान आकसलं. कडब्यासाठी का होईना, ज्यांनी थोडी पेर राखली त्यांचं बरं झालं.

आम्ही माळकरी आहोत, अंडी-मटण नाही. मग प्रोटीन कुठून आणायचं?

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे किलोला 0.83 ग्रॅम. तूर, मूग, हरभरा, मटकी, हुलगे यांच्या शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यात वीस-बावीस ग्रॅमच्या आसपास असतात. अडचण डाळ नसण्याची नाही, ती पातळ असण्याची आहे. आमच्या घरी सहा माणसांना एक वाटी तूरडाळ शिजायची आणि वरणात तळ दिसायचा. आमटी चवीला फक्कड लागायची, पण ताटात डाळ किती यायची? चमचाभर. आता तीच डाळ दोन वाट्या लावते आणि पाणी कमी घालते. पावडरीच्या डब्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

हुलग्याचे शेंगोळे आणि माडगं आपल्या घरातून निघून गेलेत ते परत आणा. येसराच्या आमटीत मूठभर मटकी टाका. बेसन करताना (म्हणजे पिठलं, पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते) तेल कमी घाला, ताक घाला. ताक-दही रोज असू द्या. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, पण निम्मं तेल, म्हणून चटणी चमच्यानं घ्यायची, वाटीनं नाही. सोयाबीन शेतातलंच असेल तर उकडून, वाळवून, नऊ किलो धान्याला एक किलो या बेतानं दळणात टाका. कच्चं दळू नका, ते पचत नाही.

आणि अंडं चालत असेल त्यांनी संकोच न करता खावं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात.

उन्हाळ्यात माळवं महाग होतं. भाजी कुठून खायची?

एप्रिल-मे मध्ये बाजारात जे भाव होतात त्यात कोथिंबीर घ्यावी की सोनं, असा प्रश्न पडतो. पण आपल्याकडे या दिवसांची सोय जुन्या बायांनी करून ठेवली होती. वाळवलेली मेथी, वाळवलेला हरभऱ्याचा पाला, गवारीच्या वाळक्या शेंगा, सांडगे. डाळीत मूठभर वाळला पाला गेला की भाजी झाली. पावसाळ्यात तांदुळजा, चिघळ, आंबाडी, पाथरी, थंडीत शेपू, चुका, करडईची कोवळी पानं. फक्त तणनाशक फवारलेल्या रानातला पाला खुडू नका. पूर्वी बांधावरून बिनधास्त आणायचो, आता शेतमालकाला विचारूनच आणते.

पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. लिंबानं लोह अंगी लागतं, चहानं अडतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईसाठी एवढा बदलही कामाचा आहे, पण फार कमी असेल तर गोळ्यांना पर्याय नाही.

फळ म्हटलं की सफरचंद, असं कुणी ठरवलं कोण जाणे. जालन्याची मोसंबी, बालाघाटातली सीताफळं, बोरं, जांभळं, पेरू, सगळं हंगामात दाराशी येतं. शुगर असेल तर सीताफळ आणि आंबा बेतानं, आणि फळ चावून खावं, रस काढू नये.

कोणतं तेल चांगलं? घाण्याचं की रिफाइंड?

करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, आलटून पालटून वापरा. करडई तर आपलीच. घाण्याचं आवडत असेल तर आणा, पण ते जास्त ओतायचा परवाना नाही. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, घाण्याच्या तेलालाही आणि पुडीतल्यालाही. पोषण संस्थेच्या त्या ताटात माणशी 27 ग्रॅम तेल आहे. चार माणसांचं घर धरा: 15 किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. आमच्याकडे तो दोन महिन्यांत वाजायला लागायचा. डब्यावर मार्करनं तारीख टाकली आणि भुरका (तेलात परतलेलं तिखट) करताना पळी बदलली, इतकंच केलं.

चहा सोडायचाच का?

नाही. साखर मोजायची. सकाळचा, कचेरीतला अकराचा, दुपारचा, कुणाकडे गेलं की तिथला, संध्याकाळचा. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे 50 ग्रॅम साखर आणि दोनशे कॅलरी. वरची साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असं सांगतात. ‘अर्धा कप द्या’ म्हणायला शिका, कुणी रागावत नाही. गूळ घातला तर? गूळही साखरच, शुगर तितकीच चढते. सकाळी मध-लिंबाचं कोमट पाणी घेतल्यानं चरबी वितळत नाही. आवडतं तर प्या.

दिवसभर शेतात असतो, मग वेगळा व्यायाम कशाला?

खुरपणी, कापणी, पाणी देणं यात घाम गळत असेल, दम लागत असेल, तर तुमचं चालणं-फिरणं झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगते, तुम्ही ते दोन दिवसांत उरकता. पण दोन गोष्टी तपासा. एक, आता खरंच किती राबता? ट्रॅक्टर, मोटार, फवारणीचा पंप आला. बांधावर मोटारसायकल उभी करून मजुरांवर देखरेख करणं हा व्यायाम नाही, हे माझ्या सख्ख्या भावाला अजून पटलेलं नाही. दोन, शेतातलं काम अंग एकाच बाजूनं वाकवतं. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला पुन्हा जोर-बैठका नकोत, तिला पाठ मागे ताणणं, खांदे मोकळे करणं आणि झोप हवी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना तर मी व्यायामाचं नावही काढत नाही. त्यांना पोटभर डाळ आणि वेळेवर विश्रांती मिळाली तरी पुष्कळ झालं.

उन्हात चालायचं कधी?

मार्च ते जून पहाटे साडेपाचला बाहेर, सातच्या आत घरात. आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, आणि संध्याकाळी सहालाही रस्ता तव्यासारखा असतो. रात्री जेवणानंतर गच्चीवर किंवा अंगणात पंधरा मिनिटं फिरलात तर शुगरवाल्यांना विशेष फायदा. डोकं दुखणं, मळमळ, घाम थांबून अंग तापणं ही लक्षणं दिसली की थांबा, सावलीत या, अंगावर ओलं फडकं फिरवा. बरळायला लागलं, भान हरपलं तर लिंबूपाण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना. डिसेंबरात उलट: परभणीची थंडी ज्यांनी पाहिली आहे ते पाचला उठायचा सल्ला देणार नाहीत. ऊन वर येऊ द्या, मग निघा.

पाणी किती प्यावं?

तहान लागेल तसं, उन्हात त्याहून थोडं जास्त, लघवी फिकट राहील इतकं. ताक, अंबील, पन्हं चालतं, पन्ह्यात गूळ कमी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

बाईमाणसानं रस्त्यावर चालायचं म्हणजे लोक काय म्हणतील?

म्हणतात. पहिले दोन आठवडे पानटपरीवरून नजरा आल्या, ‘कुठं निघालात वहिनी’ झालं, सासूबाईंनी ‘घरात काम कमी आहे का’ विचारलं. तोड एकच निघाली: एकटीनं नाही, चौघींनी जायचं. चौघी झाल्या की ते फिरणं होत नाही, ‘बायांचं जाणं’ होतं, आणि कुणी विचारत नाही. साडीवर बूट घालायला लाज वाटायची. आता सासूबाईंनीच पांढरे बूट मागून घेतलेत आणि शेजारच्या मंदिरापर्यंत येतात.

बाहेर जमतच नसेल तर घरात: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून जोर दहा, पायरी चढ-उतर पाच मिनिटं. आठवड्यातून निदान दोन दिवस असं ताकदीचं काही हवंच, नुसत्या चालण्यानं स्नायू राहत नाहीत. ‘घरकाम म्हणजेच व्यायाम’ हे पुरुषांचं आवडतं वाक्य आहे. झाडू-पोछ्यात हालचाल होते, खरी, पण ज्यांना तो व्यायाम वाटतो त्यांनी महिनाभर करून पाहावा.

गुडघे दुखतात, तरी चालायचं?

सपाट जागेवर, चांगल्या बुटात, दहा मिनिटांपासून. बसून पाय सरळ करून दहा आकडे धरून ठेवणं, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, याने मांडीचा पुढचा स्नायू बळावतो आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. सूज असेल किंवा रात्री ठणकत असेल तर आधी दाखवा.

एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार. उपासानं वजन उतरत नाही का?

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर शेंगदाण्याचा कूट, तूप, बटाटा. एका बशीत दोन जेवणांचा ऐवज. उपास धरायचा तर भगर, ताक, राजगिरा, फळ, मूठभर दाणे एवढ्यात भागवा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना कडकडीत उपास मात्र धोक्याचा आहे. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच प्या. उपास मोडला तर मोडला, देव रागावत नाही.

लग्नसराईत कसं सांभाळायचं?

पंगतीत बसा, बुफेत नाही. वाढप्याला हात आडवा करता येतो, स्वतःच्या हाताला करता येत नाही. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शेतात भज्जी, उंडे, अंबील असतं. तेवढ्या भाज्या आणि डाळी एका भांड्यात वर्षभरात दुसऱ्यांदा शिजत नाहीत, त्या दिवशी पोटभर खा. सकाळी निलंगा राईसच्या गाड्यावर रोज थांबणाऱ्यांनी मात्र आठवड्यातून एकदा थांबावं. मिठाचंही बघा: दिवसाला 5 ग्रॅम, लहान चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं.

किती दिवसांत फरक दिसेल?

पी हळद अन् हो गोरी, असं होत नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ. माझं पहिल्या महिन्यात वजन जेमतेम किलोभर कमी झालं, पण जिना चढताना थांबणं बंद झालं, आणि साडीचा परकर एक बोट सैल झाला. शुगर सहा महिन्यांनी 102 आली. अजून उंबरठ्यावरच आहे. वजनाच्या पाच ते दहा टक्के जरी उतरलं तरी शुगर-बीपीला फायदा होतो, सत्तर किलोच्या माणसानं पन्नासचं स्वप्न धरायची गरज नाही.

कोजागिरीला पायी तुळजापूरला जायचंय. तयारी कशी करू?

निदान दोन महिने आधी सुरुवात करा. आज चार किलोमीटर होत असतील तर दर आठवड्याला किलोमीटरभरानं वाढवा, आणि आठवड्यातून एक दिवस लांबचं चालणं ठेवा. ज्या चपला-बुटात जाणार तेच घालून सराव करा. नवीन जोड वाटेवरच पहिल्यांदा घालायला काढलात तर तिसऱ्या गावात पाय फोडांनी भरतो. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो तुमचा आणि देवीचा प्रश्न, पण शुगरवाल्यांनी अनवाणी जाऊ नये, कारण तळव्याची जाणीव कमी झालेली असते आणि काटा घुसलेला कळत नाही. रोज रात्री मुक्कामाला पाय धुवा, कोरडे करा आणि सोबतच्याला बॅटरी धरून तळवे बघायला सांगा, बोटांच्या बेचक्यांसकट.